सात दिवसांचं हिवाळी अधिवेशन आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द

सिव्हिल लाइन्सवाला (धागाकर्ता)

विधिमंडळाचं नागपूरचं अधिवेशन आटोपलं, आमदार निवासासमोरच्या गाड्या गेल्या, रस्त्यांवरचे बांबू निघाले. आता निवांत बोलता येईल म्हणून धागा काढतो आहे.

यंदा, म्हणजे २०२५ ला, कामकाज ८ ते १४ डिसेंबर. शनिवार-रविवारही सभागृह बसलं तेव्हा सात दिवस भरले. २०२३ ला ७ ते २० डिसेंबर होतं. २०२४ ला १६ ते २१ डिसेंबर, आणि त्या वर्षीची गोष्ट तर मला अजून खुपते. १५ डिसेंबरला इथल्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि खातेवाटप झालं २१ तारखेला, अधिवेशनाचं सूप वाजल्यावर. म्हणजे आठवडाभर मंत्री सभागृहात बसलेले, पण कोणत्या खात्याचं उत्तर कोणी द्यायचं हेच ठरलेलं नाही. आणि २०२०, २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलंय की सरकार ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन दरवर्षी इथे होईल. ‘ठरावीक काळ’ म्हणजे किती दिवस, हे आकड्यात लिहिलेलं नाही. तिथेच मेख आहे.

पण दिवस कमी झाले एवढंच मला म्हणायचं नाही. सात दिवसांतही मंत्री सभागृहात उभे राहून शब्द देतात. ‘चौकशी करू’, ‘महिनाभरात बैठक घेऊ’, ‘प्रस्ताव मागवला आहे’. हा शब्द भाषणातल्या घोषणेसारखा वाऱ्यावर जात नाही, तो कार्यवाहीत नोंदला जातो आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. मला वाटतं, आपण नागपूरकर दर डिसेंबरला या बातम्या मन लावून वाचतो आणि जानेवारीत विसरतो. तुमच्या भागाबद्दल सभागृहात दिलेला एखादा शब्द तुम्हाला आठवतो का? त्याचं पुढे काय झालं?

इतवारीकर

आठवत नाही, आणि त्यात आमचा एकट्यांचा दोष नाही. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर काय असतं? विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे आमदार. कोणी गळ्यात कापसाची माळ घालून येतो, कोणी संत्र्यांची. आतला प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला तर ती ओळ सातव्या पानावर. आमदारालाही कळतं की पायरीवरचा फोटो मतदारसंघात पोचतो, तारांकित प्रश्न पोचत नाही. मग तो प्रश्नावर मेहनत कशाला घेईल?

दादर पश्चिम

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळं मंत्रालय फायलींसह नागपूरला न्यायचं, हजारो पोलिसांचा बंदोबस्त, राहण्याची सोय, आणि काम सात दिवस. त्यापेक्षा मुंबईत तीन आठवडे सलग अधिवेशन घ्या. थेट प्रक्षेपण आहेच. सरकारला प्रश्न विचारायला गाव महत्त्वाचं की दिवस?

वर्धेची मी

दादा, तुमचा दिवसांचा मुद्दा मान्य. पण गावही महत्त्वाचं आहे. गडचिरोलीची आशा सेविका, यवतमाळचा कापूसवाला शेतकरी आझाद मैदानावर किती वेळा जाऊ शकेल? नागपूरला ती माणसं सकाळच्या गाडीनं येतात आणि रात्री घरी परततात. यशवंत स्टेडियमपासून निघालेला मोर्चा टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवतात. तरी तिथून विधानभवन हाकेच्या अंतरावर आहे. मंत्र्याला ‘निवेदन घ्यायला बाहेर या’ असं म्हणता येतं.

आणि मंत्री बाहेर आला नाही तर काय होतं, तेही याच रस्त्यानं पाहिलंय. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा, अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी. दिवसभर माणसं ताटकळली, संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ जीव गेले, त्यात बायका-मुलंच जास्त. अधिवेशन चालू होतं, सभागृह तिथून दिसत होतं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोग बसला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे. मागणीचं काय झालं? २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथल्या खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. म्हणजे सव्वीस वर्षांनी उत्तर मिळालं ते न्यायालयाकडून. ११४ माणसांच्या प्रश्नाला सभागृहानं शेवटपर्यंत भिडायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून म्हणते, अधिवेशन नागपुरातून हलवायची भाषा आमच्यासमोर करू नका.

दादर पश्चिम

ताई, मोर्चाची ही बाजू मी धरली नव्हती. पण मग नागपूरलाच तीन आठवडे घ्या असं म्हणू या का? सात दिवसांत दोन्ही हेतू साधत नाहीत.

वर्धेची मी

तेच तर मागतोय आम्ही!

जुना लेखापाल

मी हिशेब तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालो. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये महालेखाकारांचं कार्यालय आहे हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण तिथे होणारं काम शेवटी विधिमंडळापर्यंत जातं, हे सहसा कोणी सांगत नाही. थोडं सविस्तर लिहितो.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मिळतं. छापील उत्तर आधीच येतं, पण खरी कसोटी त्यानंतरच्या उपप्रश्नांची. खात्यानं लिहून दिलेलं उत्तर मंत्री वाचतो. उपप्रश्न मात्र अचानक येतो, तिथे मंत्र्याचा अभ्यास दिसतो. उत्तरानं समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. लक्षवेधी सूचना ही तातडीच्या सार्वजनिक प्रश्नासाठी. हल्ली लक्षवेधींची गर्दी इतकी वाढलीय की रात्री उशिरापर्यंत त्या चालतात आणि ऐकायला बाकांवर मोजकी माणसं असतात. मला हे बरं वाटत नाही. लक्षवेधी कमी असाव्यात आणि प्रत्येकीला पुरेसा वेळ मिळावा.

आता पैशांचं. यंदाचा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा. जुलैमध्ये ५७ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या आल्या, डिसेंबरमध्ये नागपूरला आणखी ७५ हजार कोटींच्या वर. पुरवणी मागणी म्हणजे मार्चमध्ये मंजूर करून घेतलेलं पुरत नाही, आणखी द्या. अतिवृष्टीसारखं संकट आलं तर ती लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढी रक्कम सात दिवसांच्या अधिवेशनात मंजूर होते तेव्हा एकेका खात्याच्या वाट्याला किती मिनिटं आली, हे प्रत्येकानं बघावं. माझ्या मते हिवाळी अधिवेशनातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते.

खर्च झाल्यावर कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल येतो. तो बहुतेक वेळा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर ठेवतात, त्यामुळे त्यावर त्या अधिवेशनात बोलायला वाव राहत नाही. मग तो आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो. समिती सचिवांना समोर बसवून विचारते, कागद मागवते. तिथे कॅमेरा नसतो, त्यामुळे आमदार पक्ष बाजूला ठेवून विचारतात. गोसीखुर्द धरणाचं उदाहरण घ्या. १९८८ ला भूमिपूजन, मूळ किंमत ३७२ कोटी. २००९ ला राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि आज खर्चाचा अंदाज हजारो कोटींमध्ये आहे. किंमत कशी वाढत गेली हे लोकांना समजलं ते लेखापरीक्षणाच्या परिच्छेदांतून, न्यायालयातल्या जनहित याचिकांमधून आणि सभागृहात पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांमधून. एका भाषणानं ते झालं नाही.

पवनीचा

राजेहो, आमच्याकडं एका पुलाचं असंच चालू हाय. आमदारसाहेबानं प्रश्न टाकला, मंत्र्यानं सांगतलं का निविदा काढून राहिलो. आमी गावात पेढे वाटले. मंग पावसाळा आला अन् गेला, पूल काही आला नाही. पोट्टे अजूनबी पाण्यातून शाळेत जाते. आता लेखापालकाका, आमी कोणाले विचाराव? आमदाराले विचारलं तर म्हणते मी तर प्रश्न मांडला बाप्पा, माह्यं काम झालं.

जुना लेखापाल

भाऊ, आमदाराचं काम तिथे संपत नाही, सुरू होतं. त्यांना तीन गोष्टी सांगा. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख द्या. ते उत्तर आश्वासन म्हणून घेतलं गेलंय का, ते विधानमंडळ सचिवालयाकडून लेखी कळवा. घेतलं नसेल तर ते घ्यावं म्हणून समितीला पत्र द्या. संसदेत कोणती वाक्यं आश्वासन समजायची याची यादीच ठरलेली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती मागवली आहे’ ही साधी वाटणारी वाक्यंसुद्धा त्यात येतात. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे आणि तिथे पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत धरतात. मुदत टळली तर खात्याला वाढवून मागावी लागते, आश्वासन वगळायचं असेल तर समितीला कारण पटवावं लागतं. म्हणजे कोणीतरी विचारणारं असतं. पूल उद्या होईल असं मी म्हणत नाही. पण फाइल मिटत नाही.

पवनीचा

क्रमांक भेटते का पण आमाले?

सिव्हिल लाइन्सवाला

मिळतो भाऊ. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही असते. तालुका, खातं आणि साधारण महिना मला इथेच सांगा, मी शोधून देतो.

रामदासपेठ

सगळं ठीक, पण मूळ दुखण्यावर कोणी बोलत नाही. विरोधी पक्षनेताच नाही. २०२४ च्या निकालात भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. विरोधात ठाकरे यांची सेना २०, काँग्रेस १६, पवारसाहेबांची राष्ट्रवादी १०. २८८ च्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार एकाही पक्षाकडे नाहीत. विधान परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ ला संपली. यंदा नागपूरला दोन्ही सभागृहं विरोधी पक्षनेत्याविना चालली. एवढं मोठं राज्य आणि ती खुर्ची रिकामी!

गोरेवाडा

लोकांनीच आमदार दिले नाहीत तर सरकारचा काय दोष? नियम म्हणजे नियम. २०१४ नंतर दहा वर्षं लोकसभेतही नव्हता, २०२४ ला काँग्रेसला जागा मिळाल्या तेव्हा राहुल गांधी झाले.

विधी शाखा

दहा टक्के हा आकडा राज्यघटनेत नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर यांच्या काळात पक्षाला सभागृहात मान्यता कधी द्यायची यासाठी तो आला. महाराष्ट्राचा विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा कायदा १९७८ चा आहे. विरोधातला संख्येनं सगळ्यात मोठा पक्ष आणि अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता, असा त्याचा रोख आहे. दिल्लीत २०१५ ला ७० पैकी ६७ जागा आपच्या होत्या आणि भाजपचे तिघेच होते, तरी विजेंद्र गुप्ता यांना विरोधी पक्षनेता केलं. आपल्याकडे १९६२ च्या विधानसभेत शेकापचे १५ आमदार होते, सभागृह २६४ चं, आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. म्हणजे निर्णय अध्यक्षांच्या हातात आहे. मी कोणत्याही पक्षाची नाही, पण ही जागा भरावी असं ठाम मत आहे. सरकारला बहुमत आहेच, समोर एक नेता बसला तर एकही विधेयक अडणार नाही.

गोरेवाडा

१९६२ चं माहीत नव्हतं. ते मान्य करतो. तरी एक विचारतो, विरोधी पक्षनेता असताना गोंधळ कमी होता का?

विधी शाखा

नव्हता. आणि गोंधळाला दोन्ही बाजू जबाबदार आहेत. जुलै २०२१ ला महाविकास आघाडीच्या काळात भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण निलंबन त्या अधिवेशनापलीकडे नेता येत नाही. डिसेंबर २०२३ ला संसदेतून विरोधी पक्षांच्या १४६ खासदारांना बाहेर काढलं आणि त्याच आठवड्यात फौजदारी कायद्यांची तीन मोठी विधेयकं मंजूर झाली. आमदार निलंबित झाला की त्याच्या मतदारसंघातले लाखो लोक सभागृहाबाहेर जातात. हे करणारा पक्ष कोणता, यावर माझा राग कमी-जास्त होत नाही.

दिल्लीचं आणखी एक. विधेयक समितीकडे पाठवण्याचं प्रमाण पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के होतं, सतराव्यात १६ टक्क्यांवर आलं. लोकसभेला २०१९ पासून उपाध्यक्ष नाही. राज्यघटना म्हणते ‘शक्य तितक्या लवकर’ निवडा.

समितीनं काय फरक पडतो त्याचं आपल्याकडचं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं (कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईचं). डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या अधिवेशनात मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, जुलै २०२५ ला मंजूर झालं. कायद्याला माझा विरोध होता आणि अजून आहे. पण समितीमुळे तपास अधिकारी उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा झाला, उद्देशाच्या कलमातला ‘व्यक्ती’ हा उल्लेख बदलला. त्याच दिवशी मंजूर करून टाकलं असतं तर एवढंही झालं नसतं.

लाल बावटा

वेगळा विदर्भ झाला की हे सगळे प्रश्न मिटतील. आमचं विधानभवन, आमचं मंत्रिमंडळ, वर्षभर नागपूरला कामकाज. १९५६ पर्यंत ही राजधानीच होती.

अखंड महाराष्ट्र

पुन्हा तेच रडगाणं. मुख्यमंत्री नागपूरचा, केंद्रीय मंत्री नागपूरचा, मेट्रो नागपूरला, आणखी काय हवं?

लाल बावटा

नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे. मेळघाटात जाऊन या आधी.

संपादक

वेगळ्या विदर्भावर स्वतंत्र धागा आहे. तिथे जरूर बोला. इथे सभागृहाच्या कामाबद्दलच लिहावं ही विनंती. वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

सिव्हिल लाइन्सवाला

संपादकांचं बरोबर, तरी वादातला एक धागा या विषयाशी जोडलेला आहे म्हणून लिहितो.

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं १९९४ ला झाली. त्या कलमात स्पष्ट लिहिलंय की मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं पुनर्गठनाचा निर्णय घेतला, पण पुढे केंद्राची मंजुरी लागते. मंडळं परत यावीत की नाही यावर मतभेद असू शकतात. त्यांच्याकडे अधिकार कमी होते, हेही खरं. पण मंडळासोबत तो वार्षिक अहवालही गेला. अनुशेष (विकासातली तूट) किती, निधी किती आला, किती खर्च झाला, हे सांगणारा कागद दरवर्षी सभागृहापुढे येत होता. आमदार त्यावर प्रश्न विचारू शकत होता. आता विचारायचं तर माहिती खात्याखात्यांतून गोळा करायची, आणि सात दिवसांत कोण करणार? १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष मोजला म्हणून पुढची सगळी भांडणं आकड्यांवर झाली. मोजणीच थांबली तर भांडण घोषणांवर होतं.

माझी मागणी साधी आहे. मंडळं आज येवोत की न येवोत, सरकारनं तो विभागवार खर्चाचा अहवाल दर हिवाळी अधिवेशनात पहिल्या दिवशी पटलावर ठेवावा. त्याला केंद्राची परवानगी लागत नाही.

जुना लेखापाल

पहिल्या दिवशी, हे फार महत्त्वाचं. शेवटच्या दिवशी आलेला कागद कोणी वाचत नाही.

इतवारीकर

मघाशी मी आमदारांवर चिडून लिहिलं होतं. पण शेतकरी कर्जमाफीचं बघा. ऑक्टोबरच्या अखेरीस शेतकरी नेते बच्चू कडूंच्या आंदोलनानं आपला महामार्ग बंद पडला, मग मुंबईत बैठक झाली आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारनं सांगितलं. हा शब्द रस्त्यावरच्या दबावानं मिळाला, बैठकीच्या खोलीत. तो आश्वासन समितीकडे जातो का?

विधी शाखा

बैठकीतला शब्द जात नाही. मंत्र्यानं तोच सभागृहात उच्चारला तरच तो समितीच्या कक्षेत येतो. म्हणून आंदोलन करणाऱ्यांनी बैठकीतून बाहेर पडताना एक अट घालावी, की येत्या अधिवेशनात निवेदन करा. पत्रकारांसमोर नको, सभागृहात.

वर्धेची मी

हे आमच्या संघटनेच्या बैठकीत सांगते. आम्ही आजवर मंत्र्यांच्या सहीचं पत्र मिळालं की खूश व्हायचो.

पवनीचा

सिव्हिल लाइन्सवाले दादा, तालुका पवनी, खातं सार्वजनिक बांधकाम, प्रश्न २०२४ च्या डिसेंबरातला वाटते. आमदाराच्या पीएले फोन केला, तो म्हणते तारीख ध्यानात नाही.

सिव्हिल लाइन्सवाला

त्या अधिवेशनात खातेवाटपच झालं नव्हतं, त्यामुळे तारीख वेगळी असण्याची शक्यता जास्त. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या याद्या आधी बघतो, मग जुलैच्या. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या गावांची नावं व्यक्तिगत निरोपात पाठवा, कारण प्रश्नात बहुतेक वेळा रस्त्याचं नाव असतं, पुलाचं नसतं. उत्तर सापडलं की त्यातलं नेमकं वाक्य इथे टाकतो, आणि समितीला द्यायच्या पत्राचा मसुदा लेखापालकाका बघतील.

जुना लेखापाल

बघतो. पत्र आमदारांच्या नावे असू द्या, गावकऱ्यांच्या सह्या मागे जोडा.